नाही सापडलं, हेही लिहून देता आलं पाहिजे

मावशी, नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातली, वय ३७. चौदा वर्षं एका पतसंस्थेत नोकरी करते. सात वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा माडीवरच्या पेटाऱ्यात जुने कागद निघाले. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. आम्ही मूळचे वेर्ण्याचे, कुलदेवता म्हाळसा. घराण्याच्या नऊ पिढ्या मी जमवल्या. मग आत्तेभावाने त्याच्या घराण्याचं मागितलं, मग नवऱ्याच्या मामांनी, मग मामांच्या मुंबईच्या व्याह्यांनी. सगळ्यांनी कौतुक केलं. व्याह्यांनी ओटी भरून साडी दिली. आता वाटतं, हाच व्यवसाय करावा. नवरा म्हणतो, कर, पण घराचं कर्ज अजून अकरा वर्षं आहे. सासूबाई म्हणतात, मेलेल्यांची उठाठेव करून कुणाचं पोट भरलंय? लोक खरंच पैसे देतील का? किती मागायचे? नोकरी सोडू का? आणि एक गोष्ट सलते. माझ्या पणजीचं माहेर मला आजपर्यंत सापडलेलं नाही. जिला स्वतःचं सापडत नाही तिने दुसऱ्याचं काम घ्यावं का?

– एक वाचक, फोंडा

बाय,

तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर टेकलेले आहेत. पणजीचं माहेर सापडलं नाही, यात लाजण्यासारखं काही नाही. पस्तीस वर्षं मी जुन्या पोर्तुगीज दस्तांची भाषांतरं करते आणि त्याच्याच पाठोपाठ लोकांच्या घराण्यांचा शोध घेते. माझ्याही घरात अशा दोन बायका आहेत, ज्यांचं माहेर मला अजून लागलेलं नाही. मला तुला वेगळंच विचारायचं आहे. पणजीसाठी कुठली कुठली दप्तरं उघडलीस, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत पाहिलीस, कुठली पानं फाटलेली होती, काय बघायचं राहिलं, हे एका कागदावर लिहून देऊ शकशील? देऊ शकलीस तर दुसऱ्याचं काम घ्यायला तू जवळजवळ तयार आहेस. ‘खूप शोधलं गं मावशी’ एवढंच म्हणता आलं, तर अजून थांब.

या धंद्यात गिऱ्हाईक ज्याचे पैसे मोजतं, ते हेच. कितीदा तरी शोध अर्ध्यावर अडतो. अशा वेळी ‘इथे पाहिलं, इथे नाही, इथे पाहता आलं नाही’ असा कागद त्याच्या हातात ठेवून मोबदला घेता आला पाहिजे, तोही मान खाली न घालता. नऊ पिढ्या जमवण्यापेक्षा मला हे कठीण वाटतं.

सासूबाईंना सांग, हा उद्योग आपल्याकडे फार जुना आहे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत आपल्या कितीतरी घराण्यांच्या पिढ्या त्यांच्या यजमानांच्याच हस्ताक्षरात आहेत. बेळगाव-कोल्हापूरकडचे हेळवी गावोगाव फिरून घराण्याची वंशावळ म्हणून दाखवत आणि त्यावर धान्य मिळवत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची पोटं यावरच भरली. पण त्यांचं उत्पन्न बांधलेलं होतं, यजमान ठरलेले होते. तुला यजमान नव्याने शोधावे लागतील. म्हणून गोव्यात हे काम कुणाला लागतं ते आधी बघू.

सगळ्यात जास्त लागतं ते जमिनीसाठी. आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला आणि त्याचं वारशाचं तत्त्व आजही आपल्या घरादारात आहे. मुलगी मुलाइतकीच वारस, आणि नवरा-बायकोची मालमत्ता सहसा एकत्र. एखादं घर किंवा कुळागर, म्हणजे बागायत, विकायचं, वाटायचं तर तीन पिढ्यांतल्या लेकी, जावई, विधवा सुना, परदेशी गेलेले पुतणे, सगळ्यांचा ठाव लागावा लागतो. मेलेल्याची मालमत्ता आणि वारस नोंदून वाटणी करणारा इन्व्हेंटरीचा खटला, ज्याला आपली जुनी माणसं इन्व्हेंतार म्हणतात, आणि वारस कोण ते ठरवणारं नोटरीपुढचं डीड ऑफ सक्सेशन आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली चालतं. मसुदा वकील करतो. पण १९३० साली मुंबईला गेलेल्या धाकट्या भावाला मुलंबाळं होती की नाही, हे वकिलाला कुठून कळणार? ते तुझ्यासारखीला कळतं. मडगाव, म्हापसा, पणजी, फोंडा इथल्या दोन-चार चांगल्या वकिलांना भेट, आणि नमुना म्हणून तुझ्याच घराण्याचा एक नीट अहवाल सोबत ने. माझी पहिली दहा वर्षं वकिलांकडून आलेल्या कामांवर निघाली. मर्यादाही लक्षात ठेव. कायद्याचा सल्ला आपण द्यायचा नाही, कागद शोधून त्यात काय लिहिलंय ते सांगायचं. वारसांच्या भांडणात एका बाजूने पैसे दिले म्हणून दुसऱ्या बाजूची मुलगी झाडातून गाळायची नाही. हे सांगायला लागू नये, पण लोक तसं मागतात.

दुसरं गिऱ्हाईक तुला देवळात भेटेल. तू म्हार्दोळच्या जवळची, त्यामुळे हे तू लहानपणापासून पाहत आली असशील. १५६० च्या दशकात सासष्टीतली देवळं पाडली गेली तेव्हा म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला, दामोदर मडगावहून जांबावलीला. माणसंही निघाली. काही फोंड्यात थांबली, काही कारवार, कुमठा, मंगळूर करत कोचीपर्यंत गेली. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज गाड्या करून दर्शनाला येतात आणि पुरोहिताला विचारतात, आमचं मूळ गाव कुठलं हो? काहींना फक्त देवतेचं नाव माहीत असतं, काहींना फक्त गोत्र. देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे हक्काच्या सदस्यांच्या, याद्या, गावच्या जमिनी सांभाळणाऱ्या कोमुनिदादीची दप्तरं, तिथे नोंदलेली वांगडं, म्हणजे गावकऱ्यांची कुळं, यांवरून अशा घराण्याला गाव सांगता येतं. पूर्ण खात्री नेहमी होत नाही, पण वाट दाखवता येते. यातच एक अशी गोष्ट आहे जी दर वेळी माझ्या आतपर्यंत पोचते. एकाच वांगडातली एक फांदी ख्रिस्ती होऊन गावात राहिली आणि एक देव उचलून नदीपलीकडे गेली. फातर्प्याहून कुंकळ्ळीला देवीबरोबर बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात, त्यात आजही दोन्ही धर्मांची माणसं असतात. म्हणून हिंदू घराण्याचं काम करताना ख्रिस्ती शेजाऱ्याचे कागद परके समजू नकोस, आणि उलटही. लंडन, नैरोबी, लिस्बनला गेलेल्या गोयंकार ख्रिस्ती कुटुंबांकडूनही काम येतं. त्यांच्या इगर्जींमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, बाप्तिस्मा, लग्न, मरण यांच्या नोंदी शतकानुशतकं लिहिल्या गेल्या. आपल्याकडे त्या काळाचं तसं काही नाही, ही उणीव काम घेतानाच हिंदू गिऱ्हाइकाला सांगून टाक.

तिसरा प्रकार पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांचा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुला-नातवंडांची जन्मनोंद लिस्बनला चढवण्यासाठी जुन्या नकला लागतात, त्यामुळे तुझ्याकडे सर्वांत आधी तेच येतील. नक्कल शोधून देणं, वाचून देणं हे चोख काम आहे, ते कर. पण ‘काम होईल’ असा शब्द देऊ नकोस, तारखेत किंवा नावात एक अक्षर बदलून मागितलं तर उठून जा. परकं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, हे समोरच्याला माहीत आहे ना, तेवढं विचार. घाईत असलेली माणसं ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

कुलवृत्तांत छापून घेणारी कुटुंबंही आहेत. काम मोठं, आनंदाचं, आणि पैसे हप्त्याने. त्याकडे दोन-तीन वर्षांनी वळ.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, म्हणजे कष्ट नेमके कुठे घ्यायचे ते कळेल. सुरुवातीला मुंबईच्या एका कुटुंबाचं काम घेतलं होतं. त्यांच्या पणजोबांचं नाव मला एका जुन्या खरेदीखतात मिळालं, नाव-आडनाव तेच, गाव तोच, वय जुळणारं. मी झाड पुरं केलं. त्यांनी पुस्तिका छापली आणि देवळातल्या अभिषेकाच्या दिवशी भाऊबंदांत वाटली. तीन महिन्यांनी दुसऱ्या फांदीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं मला पत्र आलं, सोबत एका विधवेच्या इन्व्हेंतारची नक्कल. खतातला माणूस पणजोबांचा चुलतभाऊ होता. आजोबाचं नाव पहिल्या नातवाला ठेवायची आपली रीत. दोन भावांच्या थोरल्या मुलांना एकच नाव, आणि दोघं एकाच वाड्यावर वाढलेले. मी नाव जुळवलं होतं, माणूस जुळवला नव्हता. घेतलेले पैसे परत केले, पुस्तिका पुन्हा छापायचा खर्च दिला, आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी जाऊन बसले. त्यांना राग नव्हता. आपल्या वडिलांची नोंद दुसऱ्याच्या बापाकडे गेली, याचं दुःख होतं. ते दुःख मी दिलं होतं. तेव्हापासून बापाचं नाव, बायकोचं नाव आणि जागा किंवा मालमत्ता, यांतल्या किमान दोन गोष्टी स्वतंत्र कागदांत जुळल्याशिवाय दोन नोंदींचा एक माणूस मी करत नाही.

आपल्याकडे या कामाला परवाना नाही, परीक्षा नाही. अमेरिकेत १९६४ पासून वंशावळीकारांना पारखून प्रमाणपत्र देणारं मंडळ आहे, १९७९ पासून व्यावसायिकांची संघटनाही आहे. त्यांनी ठरवलेली कसोटी साधी आहे आणि ती तू आजपासून लावू शकतेस. शोध शक्य तितका पुरा करायचा, प्रत्येक विधानामागचा कागद सांगायचा, कागद एकमेकांशी ताडून पाहायचे, दोन कागद भांडत असतील तर ते भांडण लपवायचं नाही, मिटवायचं, आणि शेवटी निष्कर्ष लिहून द्यायचा. तुझ्या नऊ पिढ्यांवर ही कसोटी लाव. मला वाटतं, चार-पाच घट्ट उभ्या राहतील, उरलेल्या आजीने सांगितलेल्या असतील. आजीचं सांगणंही पुरावाच आहे, त्यावर तसं लिहून ठेव.

अभ्यासात पहिली पोर्तुगीज. कामचलाऊ नको, हस्ताक्षर वाचता येईल इतकी. गोवा विद्यापीठात आणि पणजीत कामोइंश या पोर्तुगीज भाषा-संस्थेच्या केंद्रात वर्ग असतात. भाषा शिकशील तेव्हा तुझ्या लक्षात येईल की आपली नावं पोर्तुगीज कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली. प्रभू ‘पोरोबो’ झाले, शेणवी ‘सिनाय’ झाले, कामत ‘कामोतीं’ झाले, आणि ‘श’साठी सगळीकडे एक्स. एकाच माणसाची तीन दस्तांत तीन स्पेलिंगं ही रोजची गोष्ट. वर्णमालेने शोधत बसलीस तर दमशील, उच्चार करून शोध. मोठ्याने वाच. कारकुनाच्या कानात शिरायचं, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते. मग मोडी. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात. गोयकानडी वाचणारी माणसं आता फार थोडी आहेत. ती लिपी शिकता आली तर तुझ्यासारखी तूच.

पणजीचं पुराभिलेख खातं तू पाहिलेलं असणार. त्याची सुरुवात १५९५ ची, पहिला दप्तरदार इतिहासकार दिओगो दो कौतो. पण आपल्याला जो माणूस आठवायला हवा तो पिसुर्ल्याचा पांडुरंग पिसुर्लेकर. सत्तरीतल्या खेड्यातून आलेल्या या माणसाने मुक्तीपर्यंत सुमारे तीस वर्षं ते दप्तर सांभाळलं, आणि १९५५ साली त्या दप्तरात काय कुठे आहे याची वाटाडी छापून ठेवली. इथे आधी त्या यादीतून बोट फिरव, मगच बस्ता, म्हणजे कागदांचं गाठोडं, मागव. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं आहेत, १८३७ पासूनचं सरकारी बुलेतीन आहे. त्यात लिलाव, नेमणुका, वारसांना बोलावणाऱ्या जाहिराती येत. कितीतरी वेळा दस्तात जे नव्हतं ते मला वारसांच्या एका जाहिरातीत मिळालं.

आणि घरचे कागद. मागच्या वर्षी डिचोलीच्या एका मुलाने माझ्यापुढे जन्मपत्रिकेची गुंडाळी आणून ठेवली. हातभर लांब, कडेला कुंकू, मधोमध गणपती. कसरीने शेवटचे दोन आकडे खाल्ले होते. ‘शके १८’ एवढंच राहिलं होतं. तो म्हणाला, गेलं, वर्ष गेलं. मी म्हटलं, पुढे वाच. पुढे स्वच्छ लिहिलेलं होतं, ‘तारण नाम संवत्सरे’. साठ संवत्सरांचं चक्र, त्यामुळे त्या शतकात तारण दोनदाच येतं, शके १८०६ आणि शके १८६६. दुसरं धरलं तर आजोबांचा जन्म १९४४-४५ चा, आणि १९३० मध्ये त्यांनी जमिनीच्या दस्तावर सही केलेली आपल्यासमोर. म्हणजे १८०६, इसवी सन १८८४-८५. त्या मुलाने गुंडाळी परत वळली ती बाळाला उचलावं तशी. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे आणि चैत्राआधीच्या महिन्यांना एकोणऐंशी, हे तुला येतच असेल. पण संवत्सराचं नाव हा पंचांगाने आपल्यासाठी ठेवलेला दुसरा साक्षीदार आहे, त्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

पैशाचं. तुझ्या आजच्या पगाराचे तासाला किती पडतात ते काढ आणि त्याच्या दुप्पट दर ठेव. दुप्पट अशासाठी की प्रवास, फोन, कचेरीत ‘उद्या या’ ऐकणं, स्वतःचा अभ्यास, यांत अर्धे तास बिनपैशाचे जातात. नकलांची फी आणि गाडीभाडं वेगळं. काम टप्प्याने घे. पहिला टप्पा पंधरा-वीस तासांचा, त्यासाठी एकच नेमका प्रश्न. ‘आमचा इतिहास शोधा’ हे काम घेऊ नकोस. ‘पणजोबा कुठल्या गावाहून आले’ हे घे. अर्धे पैसे आधी, आणि सुरू करण्यापूर्वी एका पानावर लिहून दे की शोध लागो न लागो, अहवाल मिळेल आणि तासांचा मोबदला द्यावा लागेल. हे पान वाचून जे परत जातील त्यांना जाऊ दे.

नातेवाइकांसाठी मी एक गोष्ट केली. वर्षातून एक घराणं मी बिनमोबदल्याचं करते आणि ते मी निवडते. बाकी सगळ्यांना, मग तो मामेभाऊ का असेना, तेच पान. सुरुवातीला तोंडं वाकडी झाली. मुंबईच्या व्याह्यांची साडी तू मानाने घेतलीस, छान केलंस. पुढच्या वेळी अहवालासोबत बिल जाऊ दे.

नोकरी आत्ता सोडू नकोस. तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला समंजस वाटलं. अडचण एवढीच की सरकारी कचेऱ्या नेमक्या तुझ्या कामाच्या दिवशी उघड्या. म्हणून पतसंस्थेत बोलून महिन्याला दोन दिवस रजा किंवा पगार कापून आठवड्याला एक दिवस मिळतो का बघ. पूर्ण अनोळखी सहा माणसांनी ठरलेला दर पुरा दिला आणि त्यातल्या दोघांनी दुसरं कुणी पाठवलं, की मग नोकरीचा प्रश्न पुन्हा काढ. तोवर तुझा हातही सरावेल. एक चांगला स्कॅनर घे, पण आधी एक पक्की वही. पाहिलेल्या प्रत्येक बस्त्याचा क्रमांक, पान, तारीख, सापडलं की नाही. झाड ठेवायला ग्रँप्ससारखी मोफत साधनं आहेत, फॅमिलीसर्च हे नोंदी शोधायचं संकेतस्थळही मोफत आहे. लोकांनी तिथे चढवलेल्या झाडांवर मात्र विसंबू नकोस.

राहिलं ते सर्वांत जड. तुला असे कागद मिळतील जे कुटुंबाने दडवलेले आहेत. जन्मनोंदीत बापाच्या जागी ‘पाय इंकॉग्नितु’, म्हणजे पिता अज्ञात. देवळाच्या सेवेला वाहिलेली आजी. सोडून दिलेली पहिली बायको. लोक रडतील, काही तुला ते पुसायला सांगतील. मी एक रीत पाळते. ज्याने काम दिलं त्याला खरं सांगते, एकट्याला, समोर बसवून, कागद हातात देण्यापूर्वी. छापायचं की नाही हा हक्क त्याचा. पण माझ्या अहवालात खोटं किंवा अर्धं लिहिलेलं नसतं. वर चढवणारं झाडही मी करत नाही, कुणाला सरदार घराण्याला जोडून हवं असतं, कुणाला जात बदलून. हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते कुठेही उघड ठेवू नकोस. आणि त्या देवळातल्या आजीबद्दल लाजेने लिहू नकोस. तिने गायलं, मुलं वाढवली, त्यांना शिकवलं. ते कागदात सापडलं तर तेही लिही. आपल्या कुलवृत्तांतांनी बायकांना फार थोडी जागा दिली. पुरुषाला अख्खं पान, आणि तिला ‘कन्या, अमक्यास दिली’. हे मला आजही वाचवत नाही.

आणि म्हणूनच तुझी पणजी.

गोव्याच्या कागदांत आपल्या बायका सापडतात, बाय. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, त्यानंतर सगळ्या धर्मांच्या लोकांना जन्मनोंद नागरी कचेरीत करावी लागू लागली, आणि त्या नोंदीत बापाकडचे आणि आईकडचे दोन्ही आजी-आजोबा लिहिले जात. तू पणजीची नोंद शोधत बसली आहेस असं तुझ्या पत्रावरून दिसतं, आणि ती त्या काळाच्या आधीची असणार. तिची सोड. तिच्या मुलांची काढ, तुझ्या आजोबांची आणि त्यांच्या सगळ्या भावंडांची. सर्वांत धाकटं मूल आधी, कारण ते १९१० च्या पुढे जन्मलेलं असण्याची शक्यता जास्त. त्या नोंदीत आईच्या बाजूला तिच्या आई-बापाची नावं असतील. बापाचं नाव आणि गाव मिळालं की त्याच्या मरणानंतरची इन्व्हेंतार शोध, त्या तालुक्याच्या न्यायालयाच्या जुन्या दप्तरात. बाप मरतो तेव्हा लेक वारस असते, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, राहण्याचं गाव, सगळं तिथे यावं लागतं. तुझ्या पणजोबांचं नाव तिथे जावई म्हणून येईल.

नोंदी हाताशी यायच्या आधी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येईल. सगळे मूळ घरी जमतील. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली की संध्याकाळी तुझ्या सर्वांत थोरल्या आत्तेजवळ बस, फोनवर आवाज मुद्रित करायची परवानगी घे, आणि माहेराचं नाव थेट विचारू नकोस, ते तिला आठवणार नाही. विचार, आजीच्या माहेरून चवथीचं वझें, म्हणजे सणाची भेट, कुठून यायचं? कोण आणायचं, पायी की होडीने? वाटेत नदी लागायची का? जे गाव निघेल ते वहीत लिही, समोर आत्तेचं नाव आणि तारीख घाल, आणि मला कळव. इन्व्हेंतारचं हस्ताक्षर लागलं नाही तर नक्कल घेऊन घरी ये, आपण दोघी वाचू.

तुझी,
मावशी